न कापलेली फीत

इंग्रजी क्रियापदांशी माझा संबंध पोटापुरता होता. पिंपळगाव रेणुकाईला मी मुलांना इंग्रजी शिकवायचो, आणि येणं, जाणं, खाणं, पिणं एवढ्या चार-दोन क्रियांवर आमच्या वर्गाचा संसार सुरळीत चालायचा. त्याहून जड शब्द धड्यात आला की मी फळ्यावर त्याचा मराठी अर्थ लिहायचो, मुलं तो उतरवून घ्यायची आणि परीक्षेनंतर आम्ही दोघंही तो विसरायचो. यात कोणाची तक्रार नव्हती. त्यामुळे ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाला, आमच्या गावचे सरपंच एका इंग्रजी शब्दासाठी माझ्या ओट्यावर येऊन बसले, तेव्हा मला नवल वाटलं.

आमचं गाव पिंपळगावापासून सायकलीच्या टप्प्यातलं. सरपंच नात्यानं माझे चुलत चुलते. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, आणि ते मला, नातं बाजूला ठेवून, मास्तर म्हणायचे.

"मास्तर, दगडावर इंग्रजी पायजे."

"कुठल्या दगडावर?"

"उपकेंद्राच्या. वर मराठीत हायेच. खाली एक ओळ इंग्रजी. पलीकडच्या गावानं समाजमंदिरावर टाकली हाय. आपण काय त्यांच्यापेक्षा कमी हाव का?"

"आबा, पण ती वाचणार कोण?"

"वाचायला कशाला पायजे? दिसायला पायजे."

या वाक्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. छापील आणि कोरीव मजकुराविषयी इतकं खरं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

उपकेंद्र म्हणजे गावाबाहेर रस्त्याच्या कडेला बांधलेल्या दोन खोल्या. बाळंतिणींसाठी आणि लसींसाठी. खाली फरशी, भिंतींना छातीइतक्या पांढऱ्या टाइल्स, वर पाण्याची टाकी, विजेचे दिवे आणि बाळंतपणाचं लोखंडी टेबल. ते टेबल अजून गवताच्या पेंढ्यातच गुंडाळलेलं होतं. संक्रांतीला सगळं तयार झालं होतं, आणि संक्रांतीपासून दाराला कुलूप होतं. किल्ली आबांच्या करदोड्याला. कारण उद्घाटन व्हायचं होतं. ज्या पुढाऱ्यांच्या हस्ते ते व्हायचं होतं त्यांनी आधी एक तारीख दिली, तेव्हा त्यांच्या पाहुण्यांत लग्न निघालं. मग दुसरी दिली, तेव्हा मुंबईला बोलावणं आलं. दोन्ही वेळा मांडव घातला गेला आणि सोडला गेला.

याचं गावात कोणाला काहीच वाटत नव्हतं. नवी वस्तू मोठ्या माणसाचा हात लागल्याशिवाय वापरायची नाही, हे आम्ही इतकं गृहीत धरलेलं होतं की ज्या गवंड्यांनी ती इमारत उभी केली, तेसुद्धा शेवटच्या आठवड्यात भाकरी खायला बाहेर लिंबाखाली बसायचे. मी एकाला विचारलं, आत एवढी चांगली फरशी असताना बाहेर का बसता? तर तो म्हणाला, "आत कसं बसावं गुरुजी? उद्घाटन व्हायचंय अजून." ती फरशी त्यानंच बसवली होती.

मला मात्र काही वाटत होतं, कारण माझ्या बायकोला सातवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे तिच्या माहेरी झालं होतं. झालं म्हणजे, माहेराहून जालन्याला नेताना जीपमध्ये, रस्त्यावर. मूल हाती लागलं नाही. माहेर आणि आमचं गाव जालन्याच्या त्या एकाच रस्त्यावर; त्यानंतर ती चार वर्षं त्या रस्त्यानं माहेरी गेली नाही. माहेरचे लोकच तिला भेटायला यायचे. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, "मी इथंच बाळंत होणार. गाडीत बसणार न्हाई."

गावात सरकारी नर्स होती. आम्ही तिला सिस्टर म्हणायचो. ती एका शेतकऱ्याच्या गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत दवाखाना चालवायची. तिथं ती गोळ्या द्यायची, सुया द्यायची, पण बाळंतपण करायला तिनं साफ नकार दिला होता. मागच्या पावसाळ्यात एका बाळंतिणीला धनुर्वात होता होता राहिला, तेव्हापासून. "भिंतीपलीकडं म्हशी, अलीकडं बाळंतीण. मी न्हाई करणार वहिनी," ती बायकोला म्हणाली. "नवी खोली उघडली की पहिलं बाळंतपण तुमचं. न्हाई उघडली तर मात्र जालना." त्यामुळे आमच्या घरात त्या उन्हाळ्यात एकच प्रश्न होता: आधी काय येतं, बाळ की पुढारी?

तर, शब्द. उद्घाटन करणे याला इंग्रजीत इनॉगरेट म्हणतात हे मला येत होतं, पण दगडावर कोरायचं म्हणजे एकदा पाहून घ्यावं म्हणून मी शाळेच्या कपाटातला जाडजूड कोश घरी आणला. निजामाच्या काळापासून तो तिथं पडून होता. पहिल्या पानावर उर्दू शिक्का, आत कसरीनं केलेली भोकं. शब्द सापडला. औपचारिक रीतीनं सुरुवात करणे, पदावर बसवणे वगैरे. आणि अगदी शेवटी, बारीक अक्षरात, त्याचं मूळ दिलेलं होतं. ते वाचून मी कोश मिटला, पुन्हा उघडला आणि पुन्हा वाचलं.

शब्द लॅटिनमधला. जुन्या रोममध्ये ऑगर नावाचे एक प्रकारचे जोशी असत. कोणाला पदावर बसवायचं, कुठलं देऊळ वापरात आणायचं, की आधी त्या ऑगरला बोलवत. तो हातातल्या वाकड्या काठीनं आभाळाचा एक तुकडा आखून घेई आणि त्या तुकड्यातून पाखरं कुठून कुठं जातात, ओरडतात की गप्प राहतात, ते बघत बसे. पाखरांनी होकार दिला तर काम सुरू. नकार दिला तर मंडळी घरी. इनॉगरेट करणे म्हणजे मुळात हे: पाखरांना विचारून घेणे. पुढे शतकं गेली, पाखरं शब्दातून उडून गेली, ऑगर गेला, त्याची काठी गेली, आणि नुसता हारतुरा राहिला.

मला हे फारच आवडलं. आमच्या भाषेतलं उद्घाटन सरळ आहे. त्याचा अर्थ उघडणे. तालुक्याला एका जुन्या इमारतीवर उर्दूत इफ्तेताह असं लिहिलेलं आहे, त्याचाही अर्थ उघडणेच. म्हणजे आपण आणि निजाम दोघेही दार उघडत होतो. इंग्रजी तेवढी आभाळाकडे बघत होती. आणि उघडणे हाच अर्थ असलेल्या शब्दासाठी आमच्या गावात एक दार संक्रांतीपासून बंद होतं.

संध्याकाळी बायको तांदूळ निवडत बसली होती. तिला मी हे सगळं समजावून सांगितलं. तिनं सूप खाली न ठेवता ऐकून घेतलं.

"म्हंजी आपला पिंगळ्यावालाच की," ती म्हणाली.

खरंच की. पहाटे कंदील घेऊन दारात येणारा, पिंगळ्याची भाषा कळते म्हणून पुढचं सांगणारा तो जोशी. मला रोम आठवलं, पण दारातला माणूस आठवला नव्हता. मग मला दहाव्याचा कावळाही आठवला. नदीवर पिंड ठेवून, तो शिवेपर्यंत अख्खी भावकी उन्हात ताटकळत उभी असते, ती काय वेगळं करत असते? मी उत्साहानं तेही सांगितलं.

"पण त्यांचं बरं होतं," बायको म्हणाली. "पाखरं दररोज येत्यात. तारीख बदलत न्हाईत."

दगड जुन्या जालन्यात, धान्याच्या आडतींमागच्या एका बोळात कोरून मिळायचा. मी मजकूर घेऊन गेलो. कोरणारा माणूस मजकूर बघून म्हणाला, "शुभहस्ते घालू का करकमलांनी?" मी विचारलं, फरक काय? "फरक काही न्हाई. करकमलांना जागा जास्ती लागते." आम्ही शुभहस्ते घेतलं. आमच्या भागातल्या माणसांचे हात एरवी हातच असतात. पत्रिकेवर आणि दगडावर आले की शुभ होतात किंवा कमळं होतात. "तारीख?" त्यानं विचारलं. आबांनी बजावून सांगितलं होतं. "मोकळी सोडा," मी म्हणालो. त्यानं मान डोलवली. त्याच्या दुकानात तशा मोकळ्या तारखांचे आणखीही दगड भिंतीला टेकून उभे होते.

आता टिटवी.

दुसऱ्या तारखेच्या वेळी आबांनी उपकेंद्रासमोर मुरूम ओतून कमरेइतका उंच चौथरा करवून घेतला होता. पुढाऱ्यांना त्यावर उभं राहून बोलायचं होतं. तारीख हुकली, मांडव सुटला, पण चौथरा तसाच राहिला. आमचं शिवार सपाट. त्या भागात त्या चौथऱ्याएवढं उंच, मोकळं आणि खडेमुरमाचं दुसरं ठिकाण नव्हतं. वैशाखात एका टिटवीनं बरोब्बर त्याच्या मधोमध, जिथं माइक ठेवायचा होता तिथं, खडे थोडे बाजूला सारून चार अंडी घातली.

ती पहिल्यांदा पाहिली आमच्या शेजारच्या तात्यांनी. तात्यांनी उभं आयुष्य मेंढ्या हिंडवल्या होत्या. आता मुलांनी शेती धरली होती आणि तात्यांनी ओटा. मुरमात मुरमाच्याच रंगाची अंडी त्या वयात त्यांना दिसली याचं मला कौतुक वाटलं. त्यांनी तिथूनच हाळी दिली, आणि तासाभरात निम्मं गाव चौथऱ्यापासून लांब, हात मागे बांधून उभं.

"चार अंडी," तात्या म्हणाले. "चार महिने पाणी. आन् उंचावर घातली, म्हंजी पूर येणार. औंदा घाबरायचं काम न्हाई."

मागची दोन वर्षं पाऊस जेमतेम झाला होता. लोकांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण मास्तरकीची खोड. मी म्हणालो, "तात्या, दोन वर्षांमागं पण टिटवीनं बांधावर अंडी घातली म्हणून तुम्हीच सांगितलं होतं. त्या साली दिवाळीलाच विहिरी आटल्या."

"ती दुसरी टिटवी होती," तात्या म्हणाले.

रोमच्या ऑगरांनीही अडचणीच्या वेळी असंच काही म्हटलं असेल.

आमच्याकडे टिटवीची अंडी नांगराच्या वाटेत आली तर तेवढा तुकडा सोडून नांगरतात. पिल्लं चालती झाल्यावर मग तो नांगरतात. त्यामुळे चौथऱ्यावर पाय ठेवायचा नाही हे कोणी ठरवलं नाही, ते ठरलेलंच होतं. आणि नेमकी त्याच आठवड्यात तिसरी तारीख आली. पक्की. सकाळी दहा वाजता.

आदल्या दिवशी दुपारी पुढाऱ्यांचा माणूस जीपमधून पाहणीला आला. सफारी, काळा चष्मा, काखेत फायली. मी सुट्टीमुळे घरीच होतो, आबांनी मला आणि तात्यांना सोबत घेतलं.

"स्टेज कुठाय?"

"हे काय," आबा म्हणाले.

"मग त्याच्यावर गालिचा, खुर्च्या काहीच कसं नाही?"

"साहेब, वर टिटवी बसलीय."

"उडवा की मग."

आबांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी तंबाखू चोळत शांतपणे सांगितलं, "आमी न्हाई उडवणार. तुमी उडवा."

तो माणूस चौथऱ्याकडे निघाला. चार पावलं गेला असेल, तेवढ्यात टिटवी उठली आणि ओरडत थेट त्याच्या डोक्यावरून गेली. मग तिचा जोडीदार दुसऱ्या बाजूनं आला. त्या माणसानं फायली डोक्यावर धरल्या आणि तो जीपपर्यंत उलट्या पावलांनी आला.

"एका पाखरासाठी साहेबांना जमिनीवर उभं करता का तुम्ही?"

"साहेब पाच वर्सांत एकदा येत्यात," तात्या म्हणाले. "पाणी दरसाल लागतंय."

आबांचा चेहरा पडला. "मी करतो ना साहेब, बराबर करतो. बाजूला दोन बैलगाड्या जोडून वर फळ्या टाकतो. बिलकुल मजबूत ष्टेज."

"बैलगाड्या!" तो माणूस म्हणाला आणि जीपमध्ये बसला. "बघू. सांगतो साहेबांना."

आबांची त्या रात्रीची झोप गेली असणार. गावाला वाटतं तसे ते दिखाऊ नव्हते. पुढाऱ्यांनी मनावर घेतलं तर तालुक्याला, भोकरदनला जाणारा रस्ता डांबरी होणार होता, आणि रुसले तर ते बोलणंच संपणार होतं. हे गणित त्यांना एकट्याला वाहावं लागत होतं. आम्ही बाकीचे फक्त त्यांच्या फेट्याला हसायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तयारी. मांडव चौथऱ्यापासून लांब, लिंबाच्या बाजूला. बैलगाड्यांवर फळ्या, फळ्यांवर सतरंजी. दाराला जुन्या जालन्याहून आणलेली लाल साटिनची फीत, ताटात हळदकुंकू आणि नवी कात्री. शाळेच्या मुली स्वागतगीत म्हणायला रांगेत. बाईंनी त्यांना पढवून ठेवलं होतं: साहेब आले की सगळे लोक उभे राहतील, लोक उभे राहिले की गाणं सुरू करायचं.

दहा वाजले. अकरा वाजले. लाउडस्पीकर भक्तिगीतं संपवून दुसऱ्यांदा पहिल्यापासून लागला.

आणि आमच्या घरी बायकोच्या कळा सुरू झाल्या. दिवस अजून पुरते भरले नव्हते. सिस्टरला बोलावलं. तिनं तपासलं आणि मला बाहेर येऊन सांगितलं, "आजच होणार. दोनेक तासांत. नवी खोली मिळणार असेल तर ठीक. न्हाईतर आत्ताच्या आत्ता गाडी काढा. आबांचा पाहुणा देईल जीप."

बायकोनं हे आतून ऐकलं. ती पदर सावरत उठली, भिंतीला धरून उंबऱ्यापर्यंत आली.

"मी त्या रस्त्यानं जात न्हाई," ती म्हणाली. "मी तिकडं चालले."

तिकडं म्हणजे उपकेंद्राकडे. आणि ती खरंच चालू लागली. एका बाजूनं सिस्टर, एका बाजूनं मी. मध्येच कळ आली की ती थांबायची, सिस्टरच्या खांद्यावर डोकं टेकवायची, मग पुन्हा चालायची. गावातून तिला तसं जाताना बघून बायका घरांतून बाहेर आल्या आणि मागून चालू लागल्या. आम्ही मांडवापाशी पोचलो तेव्हा चांगली मिरवणूकच झाली होती, आणि रस्त्याकडे तोंड करून बसलेल्या लोकांना क्षणभर साहेबच आल्यासारखं वाटलं.

आबा दारातच उभे होते, फेटा बांधून, ताट हातात.

"सूनबाई? आत्ता?"

"आबा, किल्ली," सिस्टर म्हणाली.

"किल्ली देतो की. किल्लीला मी कधी न्हाई म्हणलं? पण ही फीत बांधलीय ना. फीत कापली म्हंजी उद्घाटन झालं. मंग साहेब आल्यावर त्यांना काय कापायला देऊ? माझं नाक?"

मला वाटलं, हीच ती वेळ. माझ्याकडे रोम होतं, ऑगर होता, पाखरांची संमती होती, आणि पाखरू तर समोर चौथऱ्यावर बसलेलं होतं. मी घसा साफ केला. "आबा, तुम्ही त्या दगडावर जो शब्द कोरून घेतलाय ना, त्याचा मूळ अर्थ—"

"मास्तर," आबा कळवळून म्हणाले, "आत्ता इंग्रजी नको."

माझ्या विद्वत्तेला तिच्या आयुष्यात मिळालेली ती एकमेव संधी. तीही गेली.

आबा वाईट माणूस नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ते एकदा माझ्या बायकोकडे, एकदा रस्त्याकडे आणि एकदा कात्रीकडे बघत होते. कात्रीला हात लावायचं धाडस त्यांना होत नव्हतं, आणि सुनेला परत जा म्हणायचंही.

बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती. डोक्यावर पदर, नजर खाली. लग्न होऊन आल्यापासून ती आबांशी थेट एक शब्द बोलली नव्हती. तशी रीतच नव्हती. तीच बोलली.

"मामंजी, कापू नका. वर धरा."

आबांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी हातातलं ताट तात्यांकडे दिलं, करदोड्याची किल्ली काढून फितीवरून हात घालून कुलूप उघडलं, दार ढकललं, आणि दोन्ही हातांनी ती लाल फीत डोक्याइतकी उंच उचलून धरली. बायको वाकली आणि आत गेली. पाठोपाठ सिस्टर, पेटी घेऊन. मग गरम पाण्याचं पातेलं घेऊन दोन बायका. सगळ्या फितीखालून. मग आबांनी हात खाली घेतले, आणि फीत पुन्हा जिथल्या तिथं आली. जणू दाराला कोणी स्पर्शच केला नव्हता.

मी बाहेर राहिलो. लाउडस्पीकर तात्यांनी बंद करायला लावला होता. एका माणसाची वाट बघायला जमलेले लोक त्याच जागी बसून आता दुसऱ्या माणसाची वाट बघत होते. उठून कोणी गेलं नाही. आबा माझ्याशेजारी उभे होते. सकाळपासून जीप यावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेले आबा आता रस्त्याकडे बघत पुटपुटत होते, "आता नगो येऊ रे बाबा. थोडं थांब. आता नगो."

टिटवी अधूनमधून ओरडायची. तिचं ओरडणं आमच्याकडे बायका अशुभ मानतात आणि तिची अंडी पुरुष शुभ मानतात. तिनं नेमकं काय सांगितलं होतं? हा होकार होता की नकार, आणि कोणाला? काठीनं आभाळ आखून देणारा कोणी तिथं असता तर मी त्या दिवशी त्याला नक्की विचारलं असतं. मला पाखरांविषयी शंका आहे, आणि ऑगरांविषयीही. पण त्या दोन तासांत मी त्या टिटवीवरून नजर काढली नाही, हे मान्य केलं पाहिजे. ती अंड्यांवर बसून होती तोवर मला धीर वाटत होता. का, ते सांगता येणार नाही.

मग आतून रडणं ऐकू आलं. बारीक, चिडलेलं, मध्येच थांबून पुन्हा सुरू झालेलं. सिस्टरनं फितीखालून डोकं बाहेर काढलं. "पोरगी हाय. दोघी बऱ्या हायेत."

सगळे लोक उभे राहिले.

लोक उभे राहिले तसं मुलींनी गाणं सुरू केलं. बाईंनी थांबवायला हात वर केला, पण मुलींना तो ताल वाटला आणि त्या आणखी मोठ्यानं म्हणू लागल्या. त्या स्वागतगीतात पुढाऱ्यांचं नाव दोनदा येत होतं. त्यांनी ते दोन्ही वेळा मनापासून म्हटलं. माझ्या मुलीचं या जगात असं स्वागत झालं. मी लिंबाच्या बुंध्याला टेकलो, आणि गाणं संपेपर्यंत तोंड त्या बाजूलाच ठेवलं.

पुढारी आले नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. स्टेजचं ऐकून रागावले, असं गाव म्हणतं. म्हणजे श्रेय टिटवीला. मला वाटतं जीपचं टायर बसलं असेल. पुरावा दोघांकडेही नाही. रस्ता मात्र पुढच्या वर्षी डांबरी झाला. म्हणजे आबांची भीतीही वायाच गेली. अंड्यांतून पिल्लं निघाली आणि त्याच दिवशी आईमागे तुरुतुरु चालत शिवारात गेली. पाऊस त्या वर्षी बरा झाला. पूर काही आला नाही.

राहिली फीत. ती कापायची कोणी? ज्याच्यासाठी ती बांधली तो माणूस आलेला नाही, आणि तो येणारच नाही असंही कोणी म्हणायला तयार नाही. सोडून ठेवावी तर तोही एक प्रकारे निकालच. म्हणून ती तशीच राहिली. उपकेंद्र दुसऱ्या दिवसापासून व्यवस्थित चालू झालं. लसीची पोरं, बाळंतिणी, तापाचे म्हातारे, सगळे फितीखालून वाकून आत जात आणि वाकून बाहेर येत. सिस्टर उंच होती, तिला दिवसातून शंभरदा वाकावं लागायचं. ती कुरकुर करायची, पण तिनंही फितीला हात लावला नाही. पावसात लाल रंग उतरून फीत गुलाबी झाली, मग कळकट. शेवटी एका बाजाराच्या दिवशी, बाहेर बांधलेल्या कोणाच्या तरी शेळीनं ती खाल्ली. दगड तोवर भिंतीत बसवलेला होता. त्यावर पुढाऱ्यांचं नाव आहे, खाली माझी इंग्रजी ओळ आहे, आणि तारीख मोकळी आहे. शेळीचे हात शुभ धरता आले असते तर मी ती भरायला सांगितलं असतं.

या सगळ्याला वीसेक वर्षं झाली. मध्ये दोन हजार साल येऊन गेलं. आबा आणि तात्या दोघेही आता नाहीत. सिस्टर बदलून गेली, तिच्यानंतर आणखी तिघी येऊन गेल्या. उपकेंद्राला रंग लागला, भोवती कंपाउंड झालं. परवा माझी मुलगी तिच्या तान्ह्या मुलाला घेऊन माहेरी आली होती. त्याला लस द्यायची म्हणून मी, बायको आणि ती, असे तिकडे गेलो. बाहेरच्या बाकावर बसलो असताना माझ्या लक्षात आलं की आत जाणाऱ्या बायका दारापाशी आल्या की किंचित वाकताहेत. दार चांगलं उंच आहे. उंबऱ्याला हात लावत नाहीत, नमस्कारही करत नाहीत; नुसत्या डोकं खाली घालून आत जातात. त्यात काही अशा सुना होत्या की ती फीत गेली तेव्हा त्यांचा जन्मही झालेला नसेल.

मी एकीला विचारलं, "का वाकतेस गं बाई?"

ती गोंधळली. "हितं वाकूनच जायचं असतंय ना? आत्याबाई तसंच जात्यात."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी आता पुन्हा रोमवर जाणार हे तिला चांगलं ठाऊक होतं.

आमचा नंबर आला. मुलगी बाळाला खांद्यावर घेऊन उठली, दारापाशी गेली आणि वाकली. तिला तर सगळी हकिगत पाठ आहे. लहानपणी ती झोपताना तीच मागायची.

"तू कशाला वाकलीस?" मी मागून विचारलं.

"राहू द्या हो बाबा," ती मान न वळवता म्हणाली. "मी पहिल्यांदा आल्ते तेव्हा वाकूनच आल्ते."